चिचुंद्रीची चिप बसेना

चुंक चुंक. चुंक चुंक.

फार वर्षांपूर्वी मी हा आवाज ऐकला. भिंतीच्या कडेने येत होता. बारीक होता, पण रागावलेला होता.

एक चिचुंद्री चालली होती. मागे तिची चार पिल्लं. पहिल्याने आईची शेपटी तोंडात धरली होती. दुसऱ्याने पहिल्याची. तिसऱ्याने दुसऱ्याची. चौथ्याने तिसऱ्याची. आणि सगळ्यांच्या पाठीवर सामान.

चिचुंद्री का रागावली होती? सांगतो.

चिचुंद्रीला कॉम्प्युटर जोडायचा होता. पहिलाच. पिल्लांना चित्रं दाखवायची होती. तिच्याजवळ शेंगांची एक पिशवी होती. पिशवी लहान. तेवढ्यात सगळं आणायचं होतं.

ती बाजारात गेली. टुकु टुकु, टुकु टुकु.

नवा पडदा महाग होता. तिने जुना घेतला. कोपऱ्यात ओरखडा होता. "चालेल," चिचुंद्री म्हणाली.

दिव्यांची पेटी महाग होती. तिने साधी घेतली. जरा डुगडुगत होती. "चालेल," चिचुंद्री म्हणाली.

मग बोर्ड घेतला. हिरवा, भोकाभोकांचा. मग पंखा घेतला. एवढासा.

राहिली चिप. चिप म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं. "डोकं मात्र चांगलं हवं," चिचुंद्री म्हणाली.

चिपचं दुकान होतं साळिंदराचं. सगळे त्याला साळूशेठ म्हणत.

"साळूशेठ, ही चिप माझ्या बोर्डात बसेल का?"

साळूशेठने बोर्डाकडे पाहिलंसुद्धा नाही. "बसते, बसते. सगळ्यात बसते."

चिचुंद्रीने उरलेल्या सगळ्या शेंगा दिल्या. पिशवी रिकामी झाली.

घरी पिल्लं पडद्यापुढे बसली. चिचुंद्रीने चिप बोर्डावर ठेवली. बसेना. फिरवून ठेवली. बसेना. उलटी करून ठेवली. बसेना.

पडदा काळाच.

"आई, हे रात्रीचं चित्र आहे का?" धाकट्याने विचारलं.

तेव्हा चिचुंद्री रागावली. तिने सगळं सामान उचललं. पिल्लांनी शेपट्या धरल्या. आणि निघाली. टुकु टुकु, टुकु टुकु.

"साळूशेठ, साळूशेठ, चिप बदलून द्या. चिप बसेना, पडदा लागेना, पिल्लांना चित्र दिसेना. माझं काय चुकलं?"

साळूशेठने काटे हलवले. खळ्ळ खळ्ळ. मग भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. "विकलेला माल परत घेत नाही. माझी चिप चांगली. तुझा बोर्डच वाकडा असेल. बोर्ड नीट आहे असं सरडा बोलू दे, मग बदलतो."

चिचुंद्री निघाली. टुकु टुकु, टुकु टुकु. बोर्ड विकत होता सरडा.

"सरडेभाऊ, सरडेभाऊ, बोर्ड नीट आहे बोला. शेठ बदलेना, चिप बसेना, पडदा लागेना, पिल्लांना चित्र दिसेना. माझं काय चुकलं?"

सरड्याने एक डोळा इकडे फिरवला, एक डोळा तिकडे. "न बघता कसं बोलू? पेटीत अंधार आहे. काजवा आत जाऊन पेटू दे, मग बोलतो."

चिचुंद्री निघाली. टुकु टुकु, टुकु टुकु. वीज विकत होता काजवा.

"काजवेदादा, काजवेदादा, पेटीत जाऊन पेटा. सरडा बोलेना, शेठ बदलेना, चिप बसेना, पडदा लागेना, पिल्लांना चित्र दिसेना. माझं काय चुकलं?"

काजवा लुकलुकला आणि विझला. "ह्या पेटीत? ही तर डुगडुगते. माझ्या अंगावर पडली म्हणजे? कासव स्क्रू पिळू दे, मग पेटतो."

चिचुंद्री निघाली. टुकु टुकु, टुकु टुकु. पेट्या विकत होतं कासव.

"कासवआजोबा, कासवआजोबा, पेटीचे स्क्रू पिळा. काजवा पेटेना, सरडा बोलेना, शेठ बदलेना, चिप बसेना, पडदा लागेना, पिल्लांना चित्र दिसेना. माझं काय चुकलं?"

कासवाने मान बाहेर काढली. हळू. फार हळू. "सकाळपासून चहा नाही गं. चहाशिवाय हात चालत नाहीत. म्हैस चहा ओतू दे, मग पिळतो."

"पेटी तुम्हीच विकलीत, आजोबा."

"विकली तेव्हा चहा प्यायलो होतो," असं म्हणून कासवाने मान आत घेतली.

चिचुंद्री निघाली. टुकु टुकु, टुकु टुकु. आता पिल्लंसुद्धा रागावली होती. पण त्यांच्या तोंडात शेपट्या होत्या. ती नुसतीच म्हणत होती, म्म म्म म्म.

चहा विकत होती म्हैस. चहा उकळत होता. रट रट रट.

"म्हैसमावशी, म्हैसमावशी, कासवआजोबांना चहा ओता. कासव पिळेना, काजवा पेटेना, सरडा बोलेना, शेठ बदलेना, चिप बसेना, पडदा लागेना, पिल्लांना चित्र दिसेना. माझं काय चुकलं?"

"तुझं काही नाही चुकलं, पोरी," म्हैस म्हणाली. "पण ओतू कशात? माझे सगळे कप एका दुकानात गेलेत. चहा पितो आणि कप ठेवून घेतो. रोज मागते. रोज म्हणतो, उद्या ने. तो कप देऊ दे, मग ओतते."

"कोण तो?"

"कोण म्हणजे? साळूशेठ."

चिचुंद्री उभीच राहिली. पहिलं पिल्लू तिच्यावर आपटलं. दुसरं पहिल्यावर. तिसरं दुसऱ्यावर. चौथं तिसऱ्यावर.

"साळूशेठ," चिचुंद्री म्हणाली. आणि वळली.

टुकु टुकु टुकु टुकु टुकु टुकु.

साळूशेठच्या दुकानात गिऱ्हाइकं होती. एक मुंगूस. एक ससा. साळूशेठ त्यांना सांगत होता, "बसते, बसते. सगळ्यात बसते."

"साळूशेठ, साळूशेठ, मावशीचे कप द्या. म्हैस ओतेना, कासव पिळेना, काजवा पेटेना, सरडा बोलेना, शेठ बदलेना, चिप बसेना, पडदा लागेना, पिल्लांना चित्र दिसेना. माझं काय चुकलं?"

"गिऱ्हाईक आहे. दिसत नाही का? उद्या ये," साळूशेठ म्हणाला.

चिचुंद्री उद्या येणार नव्हती. ती दुकानाच्या दारात बसली. मधोमध. तिच्यामागे पिल्लं बसली. ओळीने.

चिचुंद्री फार चिडली की काय होतं, माहीत आहे? वास येतो. आधी थोडा. मग बराच. मग फारच. आणि आता तर एक नाही, पाच चिडल्या होत्या.

मुंगसाने नाक धरलं. "मी नंतर येतो हं, शेठ." ते गेलं.

सशाने नाक धरलं, कान धरले. "मीपण नंतरच." तोही गेला.

साळूशेठने पंखा लावला. वास आणखी पसरला. त्याने अगरबत्ती लावली. आता अगरबत्तीलाही तोच वास येऊ लागला.

"अगं बाई, ऊठ ना," साळूशेठ म्हणाला.

"कप."

"दुपारी देतो."

"कप."

"संध्याकाळी नक्की."

"कप."

साळूशेठ मागे गेला. खळ्ळ खळ्ळ. मागे कपांचा ढीग होता. एकावर एक, एकावर एक. त्याने सगळे कप आणून दिले.

मग काय झालं?

शेठने कप दिले. म्हैस चहा ओतू लागली. भळ भळ भळ.

म्हैस ओतू लागली. कासव चहा प्यायलं. आणखी अर्धा प्यायलं. मग स्क्रू पिळू लागलं. गर्र गर्र गर्र.

कासव पिळू लागलं. पेटी डुगडुगेना. काजवा आत गेला आणि पेटला. लुक. लुक. लख्ख.

काजवा पेटला. सरड्याने पेटीत डोकं घातलं. एका डोळ्याने बोर्ड बघितला, एका डोळ्याने चिप बघितली. "बोर्ड नीट आहे," सरडा बोलला. "ह्या चिपला पाय जास्त. बोर्डाला भोकं कमी. ही ह्यात कशी बसेल? चुकीची चिप दिली."

सरडा बोलला. सगळे साळूशेठच्या दुकानात आले आणि त्याच्याकडे बघू लागले.

साळूशेठने ती चिप घेतली. दुसरी काढली. ह्या वेळी त्याने बोर्डाकडे नीट पाहिलं. पाय मोजले. भोकं मोजली. मग चिप ठेवली.

टिच्च.

चिप बसली.

"घे. आता घरी जा," साळूशेठ म्हणाला.

"इथेच लावून बघणार," चिचुंद्री म्हणाली.

तिने पडदा ठेवला. तार जोडली. काजव्याने आतून वीज दिली. एवढासा पंखा फिरू लागला. भिर्र भिर्र भिर्र.

पडदा लागला. पडद्यावर चित्र आलं. कलिंगडाचं. लाल लाल, केवढं तरी मोठं.

पिल्लांची तोंडं उघडली. शेपट्या सुटल्या.

"आई, त्यात बिया आहेत," धाकटं म्हणालं.

"आहेत तर," चिचुंद्री म्हणाली.

पिल्लांनी बिया बघितल्या. पोटभर बघितल्या. म्हशीने बघितल्या, कासवाने बघितल्या, सरड्याने दोन्ही डोळ्यांनी बघितल्या. दारात मुंगूस आणि ससा परत आले होते. तेही बघत होते.

साळूशेठ हसला. काटे नीट केले. मोठ्याने म्हणाला, "झालं ना तुझं काम? मग आमच्या दुकानाबद्दल चार जणांना सांग हं. काय सांगशील?"

सगळे चिचुंद्रीकडे बघू लागले.

चिचुंद्रीने तार काढली. पडदा पिल्लांच्या पाठीवर ठेवला. पेटी आपल्या पाठीवर घेतली. पहिल्याने आईची शेपटी धरली. दुसऱ्याने पहिल्याची. तिसऱ्याने दुसऱ्याची. चौथ्याने तिसऱ्याची.

आणि ती निघाली. साळूशेठच्या समोरून, मुंगसाच्या समोरून, सशाच्या समोरून. टुकु टुकु, टुकु टुकु.

काही बोलली नाही.