शेगडीखालचं दुपटं

“…सेन्सर नवा घातला, पंखा फिरतोय, बोर्ड स्वच्छ. मग दोष राहिला कुठं, चाचा?”

दस्तगीरचाचांनी मान वर केली नाही. आधी रेडिओ, आता इंडक्शन शेगड्या. म्हाताऱ्याचा जन्म दुरुस्तीत गेला. केतकी चार महिने त्यांच्या हाताखाली शिकत होती. इलेक्ट्रॉनिक्सची पदविका, पहिला वर्ग. आठवड्यातून एकदा तरी ती ते ऐकवायचीच.

बाकावर आज तिच्या घरचीच शेगडी होती. पातेल्यात पाणी खळखळत होतं. अर्धा तास झाला, शेगडीनं हूं की चूं केलं नव्हतं.

“इथं बघा, कशी गुणाची! घरी दहा मिनिटांत ‘ई-३’ दाखवते आणि बंद. आतून तापते म्हणे.”

“का तापते?”

“सासूबाई. दूध उतू घालवलं असणार, दुसरं काय? परवा पाहुण्यांदेखत सांगून टाकलं मी. आई, तुम्हाला यातलं कळत नाही, हात लावू नका.”

“मग?”

“मग काय… त्या स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाहीत. दुपारचा चहासुद्धा मागत नाहीत.”

“आणि शेगडी?”

“…ती अजून बंद पडतेच.”

चाचांनी शेगडी बंद करून पातेलं रिकामं केलं.

“घरी ती बसते कशावर?”

“ओट्यावर. खाली मी बाळाचं दुपटं घालते, चार पदरी. नाहीतर घरघर होते, बाळ उठतं.”

चाचांनी हात पुढे केला. शेगडी त्याच दुपट्यात गुंडाळून आणली होती. त्यांनी त्याची घडी घातली, शेगडीखाली सारली, पातेल्यात गार पाणी ओतलं.

दोघं बघत बसली.

पाच मिनिटं… सात… नऊ.

टीं टीं टीं. ई-३.

पंखा हवा ओढतो तो बुडाच्या भोकांतून. परीक्षेत तिनं याची आकृती काढली होती, नावांसकट. पैकीच्या पैकी गुण मिळाले होते.

केतकीच्या कानशिलांना चटका बसला. आईंचा दुपारच्या चहाचा रिकामा कप डोळ्यांसमोरून हलेना.

“चाचा… घरी सांगते, सेन्सर गेला होता, बदलला. चालेल ना?”

चाचांनी दुपटं काढलं, झटकलं, तिच्या हातात दिलं. शेगडी मात्र उचलून दुरुस्तीला आलेल्यांच्या फळीवर ठेवली.

“अहो चाचा, ती तर चालू आहे!”

“नाही पोरी… अजून बिघडलेलीच आहे.”