करडाचा चिकटा

“ठेवून घेता की नाही, तेवढं सांगा, आई.”

यशोधर कुलथे गोठ्याच्या दारातूनच बोलला. पाया पडला नाही. इतकी वर्षं तो माळावरच्या या मठात येत होता, ठकूआईचा शिष्य म्हणवत होता. पण शिकायला कमी आणि समजावायलाच जास्त यायचा.

ठकूआई शेळीपाशी बसली होती. शेळी आत्ताच व्यायली होती. करडू मेलेलंच पडलं होतं.

“कुणाला ठेवून घ्यू?”

“मेधाच्या पोराला. गाडीत आहे, आयाजवळ.”

मेधा त्याची एकुलती एक लेक. बाळंतपणात गेली. कालच तेरावं झालं होतं.

“त्याचा बाप?”

“तो मेधाला तिसऱ्या महिन्यातच सोडून गेला.”

“मग आजा हाय की.”

“मी?... मला त्याचं तोंड बघवत नाही. त्यानं माझी पोर खाल्ली.”

“रगत जाऊन मेली ती. पोरानं काय सुरा चालवला व्हता?”

त्यानं गाडीकडे पाठ फिरवली.

“हातात तरी घेतलंस का एकदा?”

“नाही.”

...

ठकूआईनं शेळीच्या पाठीवरून हात फिरवला.

“तू कालिजात काय शिकवतोस रं? मागं सांगितलं व्हतंस. नाव ध्यानात ऱ्हाईना.”

“ग्लायकोप्रोटीन.”

एवढ्या दुःखातही त्याची मान ताठ झाली. शिकलेल्याची खोड, लेक जळाली तरी जळत नाही.

“मराठीत सांग.”

“मराठीतही हाच शब्द. ग्लायको म्हणजे साखर. प्रोटीन म्हणजे प्रथिन, डाळीत-अंड्यात असतं ते. त्या प्रथिनाला साखर जोडलेली असते. फांद्या फुटाव्यात तशी.”

“ग्वाड लागतं?”

“नाही.”

“मग मेली साखर कशाला?”

“चवीसाठी नसते ती. ओळखीसाठी असते. ही पेशी आपली, ही परकी, हे पुष्कळदा त्या साखरेवरून कळतं. साखर गळून पडली, की शरीर आपल्याच रक्तपेशीला परकी समजतं. मोडून टाकतं.”

“आपल्याच?”

“आपल्याच.”

...

“आन् हे असतं कुठं?”

“सगळीकडे. लाळेत, शेंबडात, आसवांत.” त्यानं मेलेल्या करडाकडे बोट केलं. “त्याच्या अंगावरच्या त्या चिकट्यातसुद्धा.”

ठकूआई उठली. कोपऱ्यात एक पोरकं करडू बांधलं होतं. त्याची आई लांडग्यानं नेलेली. तिनं ते सोडून शेळीच्या कासेकडे ढकललं.

शेळीनं ढुशी मारली. करडू भिंतीवर आदळलं.

“दुसऱ्याचं आहे,” यशोधर म्हणाला. “ती घेणार नाही.”

“हात पुढं कर.”

“कशाला?”

“कर म्हन्ते ना!”

तिनं मेलेल्या करडाच्या अंगावरचा चिकटा ओंजळीनं निपटला आणि यशोधरच्या दोन्ही तळव्यांवर थापला. शर्टाच्या बाह्या भरल्या.

“चोळ त्या करडाला.”

“आई, शेळी वासानं ओळखते. ते वेगळं...”

“असंल वेगळं. चोळ.”

त्यानं चोळलं. पाठीला, पोटाला, शेपटीखाली. करडू त्याच्या हातात थरथरत होतं. सगळ्या अंगाची नुसती हाडं.

ठकूआईनं मेलेलं करडू पोत्याखाली झाकलं.

शेळीनं नाक पुढं केलं. हुंगलं. मागं सरकली...

पुन्हा हुंगलं.

मग चाटायला लागली. करडू धडपडत कासेला गेलं आणि चुटूचुटू ओढू लागलं. चाटता चाटता शेळी मधूनच मान वळवून पोत्याकडे बघत होती.

यशोधर बघत राहिला. गळ्यातून कसलासा आवाज निघाला त्याच्या, मेधा गेल्यापासून निघाला नव्हता तसा.

बाहेर गाडीत पोर रडायला लागलं. आया कायबाय पुटपुटत होती. रडं थांबेना.

त्यानं आपले बरबटलेले हात अंगापासून लांब धरले.

“पाणी... पाणी कुठं आहे, आई?”

तांब्या ठकूआईच्या पायाशीच होता. तिनं तो पायानं लवंडला. पाणी जमिनीत जिरलं.

“पोर रडतंया. हात मागनं धू.”