पिवळ्या पट्ट्यांचा कोळी

डोंगराच्या पायथ्याशी एकदा एक वृद्ध वैद्य राहत असत. अच्युत हा त्यांचा शिष्य सात वर्षे त्यांच्यापाशी शिकत होता. ग्रंथ त्याला मुखोद्गत होते, आणि त्याचा त्याला थोडा अभिमानही होता.

वैद्यराज शेजारच्या वाडीला गेलेले असताना एका सकाळी सगुणा नावाची बाई नवऱ्यासह रडतच आली. तिचे मधले बोट टरारून सुजले होते. लाली तळव्यापर्यंत उतरली होती.

"कोळी चावला हो! काल पत्रावळ्या लावताना बोट ठणकायला लागलं. आज सकाळी परसात बघते तर हा एवढा मोठा कोळी, भेंडीच्या झाडाला जाळं लावून बसलेला."

अच्युत तत्काळ शेजारीच असलेल्या तिच्या परसात गेला. जाळ्याच्या मधोमध बोटाच्या पेराएवढा कोळी बसला होता. पाठीवर ठळक पिवळे पट्टे. भडक रंगाचे कीटक विषारी असतात, हे वचन अच्युतला आठवले आणि त्याचा निर्णय झाला.

"विष वर चढायच्या आत बोट डागावं लागेल," तो परत येऊन म्हणाला. सगुणेचा चेहरा पांढराफटक पडला. नवऱ्याने तिचा दंड घट्ट धरला. चुलीत सळई तापू लागली.

तेवढ्यात वैद्यराज परतले. त्यांनी सारे ऐकून घेतले, पण रुग्णाकडे न जाता ते अच्युतला घेऊन सरळ सगुणेच्या परसात गेले आणि त्यांनी आपला हात जाळ्याला लावला.

"गुरुजी, हात काढा!" अच्युत ओरडला.

कोळ्याने सारे जाळे गदागदा हलवले. मग तो सावकाश त्यांच्या तळहातावर आला, मनगटापर्यंत गेला, परतला आणि पुन्हा जाळ्यावर चढला.

"हा कोण आहे, सांग. पाहून सांग, आठवून नको."

अच्युत जवळ वाकला. "डोकं खाली करून बसलाय. आठ पाय जोडीजोडीने जुळवलेत, त्यांची फुली दिसते. पाठीचा पुढचा भाग रुपेरी आहे. जाळ्यात पांढऱ्या धाग्याची नागमोडी वीण..." बोलता बोलता त्याचा आवाज मंदावला. "हा तर बागेतला साधा कोळी. माशा, टोळ खाणारा. याच्यापासून माणसाला भय नसतं."

"मग बोट कशाने सुजलं?"

अच्युत परत सगुणेपाशी आला आणि त्याने प्रथमच तिचे बोट उजेडात धरले. दंशाची खूण कोठेच नव्हती. नखाच्या कडेला मात्र एक बारीक काळी रेघ होती. त्याने सुई उकळत्या पाण्यातून काढून ती अलगद उकरली. पू वाहिला आणि पाठोपाठ बांबूची चोय बाहेर आली, पत्रावळीची पाने टाचतात तसली. सगुणेने दीर्घ श्वास सोडला. "गेला बघा ठणका," ती म्हणाली.

ती दोघे घरी गेल्यावर अच्युत मान खाली घालून उभा राहिला. "मी तिचं बोट जाळणार होतो, गुरुजी. आणि चोय आतच राहिली असती."

वैद्यराज म्हणाले, "काल पत्रावळ्या लावताना ठणका लागला, हे तिने तुला स्वतः सांगितलं होतं. पण तुला कोळी सापडला होता आणि तुझे कान मिटले. दोन पट्टे पाहून तू त्याला नावं ठेवलीस, ओळखलं नाहीस. नावं ठेवायला क्षण पुरतो. ओळखायला उजेड लागतो, वेळ लागतो आणि समोरच्याचं ऐकावं लागतं."

अच्युतने चुलीतली सळई काढून पाण्यात बुडवली. ती बराच वेळ चरचरत राहिली.

चार दिवसांनी एक शेतकरी मुलाला खांद्यावर घेऊन आला. "दृष्ट लागलीय याला, दुसरं काही नाही," तो धापा टाकत म्हणाला.

अच्युतने मुलाला अंगणात उन्हात बसवले आणि तो स्वतः समोर मांडी घालून बसला.

"असेल," तो म्हणाला. "आधी मला बघू तर द्या."