येसूबाईचे आवळे

करंजखोल गाव तेव्हा जेमतेम पन्नास उंबऱ्यांचं होतं, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. गावाबाहेर येसूबाई राहायची. डोंगरातले आवळे, बोरं, पेरू पाटीत घालून दारोदार द्यायची. असं म्हणतात, तिच्या हातचं फळ खाणारं माणूस हसतखेळत शंभरी गाठायचं.

एकटी भागा पाटलीण तिला दारात उभी करायची नाही. "असलं रानातलं आमच्याकडे गुरंसुद्धा खात नाहीत," असं चारचौघींत म्हणाली. येसूबाई पाटी उचलून पुढच्या दाराला गेली.

त्या आषाढात पाटलिणीची सून मंजुळा बाळंत झाली. बाळंतिणीला आंबट द्यायचं नाही, फळ द्यायचं नाही, ही तिथली रीत. सव्वा महिन्यानं पथ्य सुटायचं. पण पाटलिणीचा तोरा केवढा! "आमची सून वर्षभर दूधभात-तुपावर राहील," म्हणाली. राहिली बिचारी. मार्गशीर्ष आला तोवर तिच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, पायांवर काळेनिळे डाग पडले, पोराला उचलायचं बळ राहिलं नाही. पाटलीण तूप वाढवत गेली आणि दुखणंही वाढत गेलं. वैद्यानं हात टेकले.

मग पाटलीण भर दुपारी पदर तोंडावर ओढून येसूबाईकडे निघाली. सगळं गाव बघत होतं. "चुकलं माझं" एवढंच ती वाटभर घोकत होती, पण दारात पोचल्यावर जीभ रेटेना. "सुनेला बरं नाही," एवढंच कसंबसं म्हणाली.

"रोज दोन आवळे द्या. पेरू सालीसकट द्या," येसूबाई म्हणाली. "दूधभात खाऊ दे, पण नुसत्या त्यावर माणूस तगत नाही, पाटलीणबाई." आणि तिनं पाटी पुढे केली. असं म्हणतात, मंजुळा बरी होईस्तोवर ती पाटी रिकामी झालीच नाही. पाचव्या दिवशी रक्त थांबलं. पंधराव्या दिवशी मंजुळा पोराला कडेवर घेऊन अंगणात आली.

ते राहिलेलं बोलायला पाटलीण आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिली. शेवटी खणनारळ घेऊन गेली, तेव्हा येसूबाईला जाऊन तीन दिवस झाले होते. पाटलिणीनं पुढे जन्मभर कुणापुढे मान वर केली नाही म्हणतात.

अजूनही करंजखोलात बाळंतपणाच्या बाराव्या दिवशी सासू येसूबाईचं नाव घेऊन बाळंतिणीपुढे आवळ्याची फोड धरते आणि म्हणते, "चुकलं माझं." तिनं काही केलेलं असो वा नसो. ते कानांवर पडेपर्यंत सून तोंड उघडत नाही.