पिवळ्याचा फोटो

फोटो काढणारे मोबाईल नवेनवे आले होते, तेव्हाची गोष्ट. विहिरीवरच्या बाभळीवर सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. नरानं घरटं विणायचं आणि मादीला ते पसंत पडलं तर लग्न, अशी त्यांची रीत.

तरण्या पिवळ्याला कुणाचा तरी पडलेला मोबाईल सापडला. शेजारचा दगडू काड्या आणून विणायचा आणि हा चोचीनं टकटक करत दगडूच्या घरट्याचे फोटो काढायचा.

"लेका, हंगाम सरेल, एकटा राहशील!" दगडू म्हणायचा.

"आधी बघून शिकतोय, दादा."

एक दिवस मादी आली. पिवळ्यानं ऐटीत मोबाईल पुढं केला.

"अगंबाई, काय सुरेख विणलंय! कुणी?"

"दगडूनं. पण फोटो माझा!"

ती भुर्रकन दगडूच्या फांदीवर गेली. पिवळ्यानं त्या जोडीचाही फोटो काढला, "झकास आलाय" म्हणाला, आणि हंगाम सरेपर्यंत एकटाच पाहत बसला.