हौसाआजीचं खोटं

“खोटं का सांगितलंत, आजी?”

हौसाआजी ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. समोर नेत्रा, शहरातली एक बाई, उभी होती, पायांत धावायचे महागडे बूट. तिच्या बोटाला धरून एक लहानगी.

“कवा गं?”

“गेल्या रविवारी. घाटाच्या शर्यतीत. मी विचारलं, माथा किती राहिला? तुम्ही म्हणालात, ‘आलाच, त्या वळणापल्याड.’”

“मग?”

“वळणापलीकडे चार किलोमीटर चढ होता!”

आजी खुदकन हसल्या. नेत्राच्या अंगाचा तिळपापड झाला. अकरा शर्यती पुऱ्या केलेली बाई ती. पाणी कुठे प्यायचं, दम कुठे राखायचा, सगळं आधी कागदावर मांडून निघणारी. या म्हातारीच्या एका शब्दावर तिने राखलेला सगळा दम वळणापर्यंत उधळला, आणि पुढे मैलाच्या दगडावर बसली ती बसलीच. बाराव्या शर्यतीतून तिला गाडीत घालून खाली आणलं.

“सगळ्यांनाच असं सांगता?”

“पन्नास वर्सं झाली. आदी बाळंतिणींना सांगायची. सुईण हुते मी. आता त्या दवाखान्यात जात्यात, म्हणून पळणाऱ्यांना सांगते.”

“बाळंतिणींना काय सांगायचात?”

“त्येच. आलंच.”

“आणि यायचं?”

“कुठलं! दीस मावळायचा.”

‘खोटं बोल पण रेटून बोल’ ही म्हण या बाईवरूनच पडली असावी, असं नेत्राला वाटलं. हसावं की भांडावं, तेच तिला कळेना.

“एकदाही खरं नाही सांगितलंत?”

“एकीला सांगितलं.” आजींचे हात थांबले. “सकाळच्या पारी इचारलं तिनं, अजून किती? म्हनलं, दीस मावळंल बाई...”

“मग?”

“तिनं माझा हात सोडला.”

...

पुढे काय झालं, ते विचारायचा नेत्राला धीर झाला नाही. ती ओट्यावर बसली. आली होती शर्यतीचं भांडण घेऊन, आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

“साडेतीन वर्षांची झाली ही. अजून ‘आई’ म्हणाली नाही. कान चांगले आहेत, सगळं समजतं तिला. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल. किती, ते कुणी सांगत नाही. बेचाळीस किलोमीटर म्हणा, बेचाळीस धावेन. शंभर म्हणा, शंभर. पण आकडा तर सांगा कुणीतरी!”

बोलता बोलता तिला रडूच फुटलं.

आजींनी पोरीच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

“वळणापातूर गेली हुतीस न्हवं?”

“गेले की. पण तिथेच तर बुडाले!”



नेत्राच्या डोक्यात नुसता गुंता झाला. खोटं ऐकून दम गेला, खरं ऐकून हात सुटला. मग माणसाने ऐकायचं तरी काय?

“मला खरं सांगा, आजी. मी नाही हात सोडायची. किती राहिलं?”

“मला काय ठावं?”

“म्हणजे? तुम्हीही आईच ना? मुलं किती तुम्हाला?”

“एकच लेक. साठीची झाली. रानात गेलीया.”

“साठीची! म्हणजे तुमची शर्यत कधीच संपली. मग तुम्हाला नाही ठाऊक तर कुणाला?”

आजी गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आत गेल्या, ताटल्या घेऊन आल्या. मायलेकींपुढे भाकरी आणि पिठलं वाढलं. आणखी एक ताटली वाढली, तिच्यावर झाकण घातलं आणि बाजूला ठेवली.

मग अंगणाच्या कडेला जाऊन, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून, त्या खालच्या पायवाटेकडे पाहत उभ्या राहिल्या. ऊन डोक्यावर आलं होतं.

“तुम्ही नाही जेवत, आजी?”

“तुमी घ्या खाऊन. माझी अजून यायची हाय.”