दहाव्याची कुस्ती

फार जुनी गोष्ट आहे, पोरांनो, आणि पोरांच्या मागे उभं राहून चोरून ऐकणाऱ्या थोरांनो. इतकी जुनी, की तेव्हा राजे पायी बाजारात येत आणि भाजीचा भाव स्वतः विचारत.

नदीकाठच्या एका राज्यात असाच एक राजा होता. मनाने मऊ होता, आणि आपण मनाने मऊ आहोत याचा त्याला अभिमानही होता. त्याच्या राज्यात एक चांगली रीत होती. दरबारच्या कुठल्याही चाकराच्या घरी माणूस गेलं, की तेरावा होईपर्यंत त्याने कामावर यायचं नाही, आणि कोठीतला शिधा मात्र त्याच्या दारात पोचायचा. तांदूळ, डाळ, गूळ, तूप, सगळं. राजा म्हणे, "ज्याच्या डोळ्यांत पाणी आहे, त्याला चुलीची काळजी नको."

पखालवाल्यापासून सेनापतीपर्यंत सगळ्यांना ही रीत लागू होती. एका आळशी भालदाराने तर कधी तोंडही न पाहिलेल्या चुलत आत्याचं सुतक पाळून घेतलं. राजाला ते कळलं तेव्हा तो हसून म्हणाला, "असू दे. आत्या ती आत्याच."

याच राज्यात तुळाजी नावाचा पैलवान होता. दरबारच्या तालमीत राहायचा, दरबारच्या नावाने लढायचा. त्याला दरबारातून खुराक मिळे, म्हणजे दूध, तूप आणि बदाम. त्यातला निम्मा तो स्वतः खाई आणि निम्मा गावी बायकापोरांना नि म्हाताऱ्या आईला पाठवी. त्या घराचं सगळं त्या खुराकावर चालायचं.

राजाचा तुळाजीवर भारी जीव होता. राणी वारली तेव्हा राजा कितीतरी दिवस कुणाशी धड बोलत नव्हता. एके दिवशी कारभाऱ्यांनी त्याला ओढून कुस्त्यांच्या फडावर नेलं. तुळाजीने समोरच्या गड्याला असं काही उचललं, की राजाच्या तोंडून "वाहवा!" निघून गेलं. राणी गेल्यावर ते त्याचं पहिलं मोकळं बोलणं. तेव्हापासून मन उदास झालं की राजा कुस्ती बघायचा आणि हलका होऊन घरी जायचा.

एका साली जत्रा जवळ आली. शेजारच्या राज्याचा मोठा मल्ल तुळाजीशी लढायला यायचा होता. घरोघरी त्याच कुस्तीच्या गप्पा चालल्या होत्या. अशात तुळाजीच्या गावाहून माणूस धावत आला. तुळाजीची आई गेली होती.

तुळाजी गावी गेला, डोकं भादरलं, आईला अग्नी दिला आणि लगोलग परत येऊन दरबाराच्या दारात उभा राहिला. सोबत तालमीचे म्हातारे वस्ताद होते. तुळाजीला बोलवेना, म्हणून वस्तादच बोलले.

"म्हाराज, पोराची आई गेली. तेराव्यापतूर त्याला घरी राहू द्या. आन् तेवढे दिवस खुराक त्याच्या घरी जाऊ द्या. जत्रंची कुस्ती नेमकी दहाव्याच्या दिशी येतीया. ती म्होरं ढकला."

राजा काही बोलायच्या आत दिवाण पुढे झाला. दिवाण वाईट माणूस नव्हता, पण कोठीतला प्रत्येक दाणा त्याला आपल्या घरचा वाटायचा.

"महाराज, रीत चाकरांसाठी आहे," तो म्हणाला. "पैलवान चाकरी कुठे करतो? तो खेळतो. जो काम करतो त्याला कामातून सुट्टी देता येते. जो खेळतो त्याला कशातून सुट्टी द्यायची? वर्षातून चार वेळा लढायचं आणि एरवी दूध प्यायचं. त्याची तर रोजच सुट्टी! त्याला जायचं तर खुशाल जाऊ दे. पण मग खुराक बंद, आणि तालमीतली जागाही दुसऱ्याला."

वस्तादांचा चेहरा लालबुंद झाला. "दिवाणजी, तुमचं पान खाऊन व्हायच्या आत कुस्ती सपती. पर ती तेवढ्यात सपावी म्हणून ह्यो पोरगा वरीसभर झोप मोडतोय. तुम्ही बघता तो खेळ आसंल. त्याच्यासाठी ती चाकरीच हाय की! आन् दुसरं आसं, की हौदातली माती म्हंजी आमचा देव. सुतकातल्या माणसानं तिच्यात उतरायचं नस्तंय."

"देवाची समजूत आम्ही काढू," दिवाण म्हणाला. "एक नारळ वाढवला की झालं."

सगळे राजाकडे बघू लागले. राजाला तुळाजीची दया आली होती, यात शंका नाही. पण जत्रा तोंडावर होती, पाहुणा मल्ल निघालेला होता, आणि खरं सांगायचं तर ती कुस्ती बघायला राजाचाच जीव टांगणीला लागला होता. मऊ मनाच्या माणसाचं हेच वाईट. त्याला हवं ते करायचं असलं, की तो त्यातही दुसऱ्याचं भलं शोधून काढतो.

राजा तुळाजीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "बाळ, मी सुद्धा माणूस गमावलंय. मला कुस्तीनेच सावरलं. दुःखावर खेळासारखा उतारा नाही. तू घरी बसून रडत राहशील. त्यापेक्षा मातीत उतर. बघ, मन कसं हलकं होतं."

तुळाजीने एकदा वर बघितलं. बायको, पोरं, आणि तेराव्याला जेवायला येणारं गोत, सगळं त्या खुराकावर होतं. तो "जी" म्हणाला आणि तालमीत निघून गेला. राजाला वाटलं, पोराला आपलं म्हणणं पटलं. त्या दिवशी तो समाधानाने जेवला.

जत्रेचा दिवस उजाडला. फडाभोवती माणसांची ही गर्दी! झाडांवरसुद्धा माणसं बसली होती. हलगी कडाडत होती. तुळाजी मधल्या मातीच्या हौदाशी आला तेव्हा त्याचं भादरलेलं डोकं बघून गर्दीत थोडी कुजबुज झाली. पण पाहुणा मल्ल शड्डू ठोकत पुढे आला, तशी कुजबुज जागच्या जागी विरली. माणसं बघायला आली होती, विचार करायला नव्हे. राजाही पुढे सरकून बसला.

कुस्तीआधी सलामीची रीत असते. दोघांनी हौदातली माती उचलायची, एकमेकांच्या हातावर चोळायची, आणि मग झोंबायचं. पाहुण्याने माती उचलून हात पुढे केला. तुळाजीने आपले हात पाठीमागे धरले.

राजाला इतक्या लांबून ऐकू येत नव्हतं. त्याला एवढंच दिसलं, की पाहुण्याने रागाने काहीतरी विचारलं, तुळाजी खाली मान घालून काहीतरी बोलला, आणि पाहुण्याचा हात तसाच राहिला. दोघे बराच वेळ समोरासमोर उभे होते. राजाच्या मनात आलं, एकमेकांचा अंदाज घेताहेत. आता मजा येणार!

मग पाहुण्याने एकाएकी तुळाजीचे दोन्ही हात ओढून आपल्या हातांत घेतले, त्यांना आपली माती लावली, आणि तो धाडदिशी मागे पडला. दोन्ही खांदे मातीला लागले. पाहुणा चितपट झाला होता!

एकच कल्लोळ उठला. टोप्या, पागोटी हवेत उडाली. राजा तर आसन सोडून उभा राहिला आणि लहान पोरासारखा टाळ्या वाजवू लागला. कसला डाव पडला, कुणी टाकला, हे विचारायची शुद्ध होती कुणाला! आपला गडी जिंकला होता. राजाने मानाचा फेटा घेतला आणि तो स्वतःच्या हाताने बांधायला धावत खाली उतरला.

हौदात पाहुणा अजून पडूनच होता आणि तुळाजी त्याच्या शेजारी गुडघ्यांत तोंड घालून बसला होता.

राजाने हसतहसत फेटा त्याच्या डोक्यावर धरला. तेव्हा कुठे त्याने ते डोकं जवळून पाहिलं. वस्तऱ्याखालून नुकतं गेलेलं, वर काळे खुंट उगवू लागलेलं, आईच्या चितेसाठी भादरलेलं डोकं. राजाच्या हातांना फेटा पुढे नेता येईना.

तुळाजीने मान वर केली. "म्हाराज, झाली कुस्ती," तो म्हणाला. "आता जाऊ का मी? आज दहावा हाय. घाटावर आईचा पिंड मांडलाय."

राजाने फेटा खाली घेतला. पाहुणा मल्ल उठून बसला आणि अंगावरची माती झटकत म्हणाला, "ह्यानं मला सांगितलं, 'दादा, माझ्या हातची माती घिऊ नगंस, मला आईचं सुतक हाय.' मग मी काय त्याच्याशी लढू? म्हनून मीच पाठ लावली."

"तुझा राजा तुला काय म्हणेल?" राजाने कसंबसं विचारलं.

"लई बोलंल. कदाचित काढून टाकंल. पर माझी आई अजून जित्ती हाय, म्हाराज. सांजच्याला तिला तोंड दाखवायचंय मला."

हे शब्द पुढच्या रांगेने ऐकले आणि मागच्या रांगांना सांगितले. बघता बघता हलगी थांबली. ज्यांनी टोप्या उडवल्या होत्या ते खाली वाकून त्या शोधू लागले. टोप्या शोधायच्या होत्याच असं नाही, पण खाली बघायला काहीतरी निमित्त हवं होतं. राजाला तेवढंही निमित्त नव्हतं. आपण कशावर टाळ्या वाजवत होतो हे त्याला कळलं, आणि एवढ्या माणसांत आपण उघडे पडलो असं त्याला झालं. त्याचे कान पेटले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ते त्याला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं.

त्याने आपला घोडा तुळाजीला दिला. तुळाजीने टाच मारली, पण गाव लांब होतं आणि सूर्य कलला होता.

पुढचे दिवस राजाला अन्न गोड लागलं नाही. सगळा दोष दिवाणावर टाकता आला असता तर त्याला फार बरं वाटलं असतं. पण दिवाण बोलला होता तो कोठीतला खुराक वाचवायला. दुःखावर खेळाचा उतारा देणारा तो स्वतः होता. राणी गेली तेव्हा आपण फडावर बसून कुस्ती बघितली होती, कुस्ती खेळलो नव्हतो, एवढी साधी गोष्ट आपल्याला कशी सुचली नाही, हे त्याला राहून राहून टोचत होतं. आणि तेव्हाही आपल्याला कुणी ओढून नेलं ते तेरावा होऊन गेल्यावर, हे आठवलं की त्याला आरशात बघवत नसे.

तेराव्याला राजा पायीच तुळाजीच्या गावी गेला. बरोबर खुराकाची गाडी होती आणि गाडीमागे दिवाण होता. तुपाचा हंडा राजाने दिवाणाच्या डोक्यावर द्यायला सांगितलं होतं. वाटेत दिवाण दोनदा धापा टाकत खाली बसला आणि पुन्हा हंडा उचलून चालू लागला.

तुळाजीच्या ओट्यावर एक म्हातारी तांदूळ निवडत बसली होती. ती त्याची मावशी. तिने राजाला ओळखलं, पण उठली नाही.

"बसा," ती म्हणाली. "गाडी आणलीसा व्हय? बरं केलं."

"मावशी, दहावा नीट पार पडला ना?" राजाने विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारल्यावाचून राहवेना.

"कसला पार पडतोय! चुलत्याच्या पोरानं पिंड ठिवला. कावळं झाडावर बसल्यालं, पर एक खाली येईल तर शपथ. लोकांनी किती सांगितलं, सुनंला बघू, नातवास्नी बघू. एक हलंना. ऊन कलाय लागलं तवा दर्भाचा कावळा करून शिववला." म्हातारीने एक खडा काढून बाजूला टाकला. "माझी भैन लेकाची वाट बघत आसंल, दुसरं काय."

राजाने मान खाली घातली. तेवढ्यात तुळाजी आतून बाहेर आला आणि त्याने हात जोडले.

राजा उठून उभा राहिला. आपण आणलेली गोष्ट सांगून टाकावी, म्हणजे छातीवरचा धोंडा उतरेल, असं त्याला वाटलं.

"तुळाजी, मी रीत बदलली," तो घाईघाईने म्हणाला. "आजपासून पैलवान असो, पोहणारा असो, दोरावरचा खेळाडू असो, ज्याच्या घरी माणूस जाईल त्याने तेराव्यापर्यंत घरी राहायचं. खुराक त्याच्या दारात येईल. कुस्ती पुढे जाईल, जत्रा थांबेल, पण त्याला कुणी बोलावणार नाही. आणि त्याची जागा त्याचीच राहील."

तुळाजीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर राजाला सोपं गेलं असतं.

"लई चांगलं केलंसा, म्हाराज," तो म्हणाला. "तालमीतल्या पोरास्नी उपेगी पडंल. त्यांच्या आया अजून हायत."

मग तो गाडीतलं सामान उतरवून घ्यायला खाली गेला. राजा ओट्यावर तसाच उभा राहिला, आणि त्याला पुन्हा बसा म्हणायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

तात्पर्य: आपली करमणूक ही दुसऱ्याची चाकरी असते, म्हणून त्याच्या दुःखाला सुट्टी आणि त्याच्या चुलीला शिधा वेळेवर द्यावा, कारण उशिरा दिलेली सुट्टी गेलेल्याला पोचत नाही.